पक्षाची देणगी आणि मोबाइलवरची दुकाने

चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर या दोन्ही मतदारसंघांत लोकसभेचे मतदान १९ एप्रिल २०२४ रोजी, म्हणजे ऐन मोहफुलांच्या दिवसांत झाले. आणि त्याच्या आधीच्या काही आठवड्यांत वरोऱ्यापासून सिरोंच्यापर्यंत जेथे जेथे मोबाइलला रेंज आहे तेथे तेथे पक्षांची आवाहने, देणगीचे दुवे, क्यूआर कोडांची चित्रे आणि पक्षचिन्हे छापलेल्या टोप्या-दुपट्ट्यांच्या जाहिराती लोकांच्या हाती येऊन पडत होत्या. ज्या यंत्रावरून आपण धानाचे भाव पाहतो, मुलांची पुस्तके मागवतो आणि विजेचे बिल भरतो, त्याच यंत्रावर बोटाच्या एका स्पर्शाने राजकीय देणगीही देता येऊ लागल्यामुळे, खरेदी कोठे संपते आणि देणगी कोठे सुरू होते याचा विवेक पुष्कळांना राहिलेला नाही. हा विवेक कायद्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, आणि तो न ठेवल्याने सद्‌हेतूने पैसे खर्चणारा मनुष्य दंडास पात्र ठरू शकतो, हे आपल्या जिल्ह्यांतील वाचकांच्या नजरेस आणावे एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहे.

प्रथम एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे की, आपल्या मताच्या पक्षाला ऐपतीप्रमाणे द्रव्यसाहाय्य करणे यात लाजिरवाणे असे काहीही नाही. महाराष्ट्राला तर या गोष्टीची जुनी सवय आहे. अंताजी दामोदर काळे यांनी गेल्या शतकाच्या आरंभी पैसा फंड काढला, तेव्हा वर्षाकाठी माणशी एक पैसा एवढीच त्यांची मागणी होती, आणि त्या पैशापैशातून तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला. लोकमान्यांच्या निधनानंतर त्यांच्या नावाने उभारलेल्या टिळक स्वराज्य फंडासाठी ३० जून १९२१ पर्यंत एक कोटी रुपये जमवण्याचा संकल्प काँग्रेसने सोडला आणि तो तडीस गेला. अलीकडच्या काळात, २००९ साली हातकणंगलेतून लोकसभेवर गेलेल्या राजू शेट्टी यांच्यासारख्या शेतकरी नेत्याने मताबरोबर नोटही मागितली आणि ऊस-उत्पादकांनी ती दिली. आपल्याकडे पाहिले तर, ज्या मतदारसंघाचे नाव त्या काळी चांदा असे होते त्याने १९६२ साली लाल श्याम शाह या अपक्ष आदिवासी नेत्याला लोकसभेत पाठवले होते, आणि २०१७ च्या जिल्हा परिषद निवडणुकीत भामरागड तालुक्यातून लालसू नोगोटी हे माडिया समाजातील वकील ग्रामसभांच्या पाठिंब्यावर निवडून आले. मोठ्या पक्षाची तिजोरी पाठीशी नसलेल्या उमेदवाराला उभे राहावयाचे असेल तर त्याला सामान्य लोकांच्या लहान लहान रकमांवाचून दुसरा आधार नाही.

याच्या उलट टोकाचा अनुभवही देशाने नुकताच घेतला आहे. २ जानेवारी २०१८ रोजी अधिसूचित झालेल्या निवडणूक रोख्यांच्या योजनेत देणगीदाराचे नाव जनतेपासून झाकलेले राहत असे, आणि एक हजाराचा रोखाही मिळत असला तरी विकल्या गेलेल्या रोख्यांची बहुतांश रक्कम एक कोटीच्या रोख्यांतूनच आली होती. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली. कोळसा, लोहखनिज, बांबू आणि तेंदूपाने यांवर ज्या प्रदेशाचे भवितव्य ठरते, त्या प्रदेशातील मतदाराने पक्षांना पैसा कोण देतो या प्रश्नाकडे उदासीनतेने पाहणे मला परवडणारे वाटत नाही. आणि केवळ मोठ्यांच्या पैशावर पक्ष चालू नयेत असे ज्याला मनापासून वाटते त्याने आपले शंभर-दोनशे रुपये देण्यास मागेपुढे पाहू नये. मात्र ते कोणत्या वाटेने जातात याची त्याने खातरजमा करून घ्यावी.

खरेदीच्या संकेतस्थळावरून राजकीय देणगी देण्याची कल्पना मूळची आपल्याकडील नव्हे. अमेरिकेत २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी अ‍ॅमेझॉन या दुकानाने पुस्तके विकता विकता उमेदवारांना लहान रकमा पाठवण्याची सोय ग्राहकांना करून दिली होती. आपल्या देशात हा प्रकार निराळ्या अंगाने वाढला. पक्षांनी स्वतःच्या संकेतस्थळांवर आणि अ‍ॅपवर देणगीची पाने उघडली, काहींनी त्यांच्या शेजारीच टोप्या, चहाचे पेले आणि सदरे यांची दुकाने थाटली, आणि लोकवर्गणी गोळा करून देणारी तिऱ्हाइतांची संकेतस्थळेही निघाली. २०१९ साली बिहारमधील बेगुसराय येथून उभे राहिलेल्या कन्हैया कुमार यांच्यासाठी अशाच एका संकेतस्थळावरून ७० लाख रुपये जमले, आणि लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची त्या वेळची कमाल मर्यादाही तेवढीच होती. १८ डिसेंबर २०२३ रोजी काँग्रेसने ‘डोनेट फॉर देश’ ही मोहीम काढली व पक्षाच्या १३८ वर्षांना अनुसरून १३८, १,३८० आणि १३,८०० अशा रकमा सुचवल्या.

या शेवटच्या मोहिमेत जे घडले ते प्रत्येक देणगीदाराने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मोहिमेच्या नावाचाच पत्ता पक्षाने आधी स्वतःकडे नोंदवून ठेवला नव्हता. त्यामुळे घोषवाक्य ऐकून तेच शब्द जोडून संकेतस्थळाचा पत्ता म्हणून लिहिणारे लोक भारतीय जनता पक्षाच्या देणगीच्या पानावर जाऊन पोहोचत असल्याचे वृत्त त्या वेळी वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले. तेथे निदान दुसऱ्या टोकाला एक खराखुरा, नोंदणीकृत पक्ष होता. भामट्याने तसाच पत्ता नोंदवला असता तर पैसा कोठे गेला याचा मागही लागला नसता. यास्तव व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दुव्यावर, भिंतीवर चिकटवलेल्या क्यूआर कोडवर अथवा कानांवर पडलेल्या नावावर विसंबून पैसे पाठवू नयेत. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत पक्षांची यादी असते; त्या यादीतील नाव व पत्ता पाहून, पक्षाच्या जिल्हा कार्यालयात प्रत्यक्ष किंवा दूरध्वनीने चौकशी करून, तेथून मिळालेल्या पत्त्यावरच जावे. कोड टिपल्यावर रक्कम लिहिण्याच्या आधी पडद्यावर खातेदाराचे बँकेत नोंदलेले नाव दिसते. ते नाव पक्षाचे नसून एखाद्या व्यक्तीचे वा दुकानाचे असेल, तर कार्यकर्ता कितीही ओळखीचा असला तरी तेथेच थांबावे.

आता देण्याचा अधिकार कोणास नाही हे पाहू, कारण आपल्या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न इतर ठिकाणांहून अधिक महत्त्वाचा आहे. येथे घराघरांत कोणी ना कोणी शिक्षक, वनरक्षक, तलाठी, आरोग्यसेविका, पोलीस शिपाई अथवा कारकून असतो, आणि कित्येक गावांत नियमित पगार घेणारे तेवढेच असल्यामुळे वर्गणी मागणाऱ्याची पावले आधी त्यांच्याच दाराशी वळतात. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ मधील नियम ५ अन्वये शासकीय कर्मचाऱ्याने कोणत्याही राजकीय पक्षाचा सभासद होणे तर निषिद्ध आहेच, परंतु राजकीय चळवळीस वर्गणी देणे अथवा अन्य प्रकारे साहाय्य करणे हेही निषिद्ध आहे. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९६४ च्या नियमांनी तसेच बांधून ठेवले आहे. पूर्वी असा रुपया हातातून हातात जाई आणि त्याचा पुरावा मागे उरत नसे. आता मोबाइलवरून गेलेल्या एका रुपयाचीही तारीख, वेळ आणि नाव यांसह कायमची नोंद राहते, आणि एखादा शिक्षक आयकराच्या विवरणपत्रात ती देणगी दाखवून सवलत मागू लागला तर त्याने स्वतःच्या हस्ताक्षरात आपल्याविरुद्ध साक्ष दिल्यासारखे होईल. अशा घरातील जी व्यक्ती शासकीय सेवेत नाही, तिने स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या खात्यातून देण्यास प्रत्यवाय नाही. परंतु नोकराचा पैसा पत्नीच्या नावाने फिरवणे ही पळवाट होय, आणि तिचा अवलंब करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांनी परदेशाचे नागरिकत्व स्वीकारले आहे अशा आप्तेष्टांकडूनही पैसा घेता येत नाही. परकीय अंशदानाच्या २०१० च्या कायद्याने उमेदवार आणि पक्ष या दोघांनाही परकीय पैसा घेण्याची मनाई केली आहे. चंद्रपूरचा मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला पण भारतीय पारपत्र बाळगून आहे, तर तो आपल्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो. त्याने तेथील नागरिकत्व घेतले असेल तर त्याच्या पैशाला येथील निवडणुकीत वाव नाही, आणि तो आईवडिलांच्या खात्यात पाठवून त्यांच्याकडून पुढे देववणे हे सरळ नियमभंगाचे कृत्य आहे.

सामाईक पैशाविषयी मला विशेष कळकळीने लिहावेसे वाटते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ साली वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती घेतला, आणि त्यानंतर या जिल्ह्यात कितीतरी ग्रामसभा बांबू व तेंदू स्वतः विकून आपला कोष बाळगू लागल्या. बचत गटांच्या खात्यांतही बायांनी आठवड्या-आठवड्याने टाकलेले पैसे साठलेले असतात. हा पैसा एका पक्षाच्या मतदारांचा नसून सबंध गावाचा वा गटाचा आहे, त्यात विरुद्ध मताच्या माणसाचाही वाटा आहे, आणि तो जंगल, पाणी, शिक्षण व अडीनडीची कर्जे यांसाठी ठेवलेला आहे. उमेदवार गावचाच असला, सर्वांचा लाडका असला, तरीही ग्रामकोषातून अथवा गटाच्या खात्यातून त्याला दमडीही देऊ नये; ज्याला द्यावयाचे त्याने आपल्या वाट्याचा पैसा घरी नेल्यावर तेथून द्यावा. सार्वजनिक न्यासांच्या, देवस्थानांच्या आणि शिक्षणसंस्थांच्या पैशासही हेच लागू आहे.

देणगी पक्षाला द्यावी की उमेदवाराला, याचा निर्णय आधीच करावा, कारण दोहोंचे नियम व परिणाम भिन्न आहेत. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम २९क खाली नोंदलेल्या पक्षास दिलेल्या देणगीचा तपशील, ती एका वर्षात २०,००० रुपयांहून अधिक असेल तरच, पक्षाने निवडणूक आयोगास कळवावयाचा असतो. त्याहून लहान देणगीदाराचे नाव प्रसिद्ध होत नाही. उमेदवाराची गोष्ट निराळी. अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी त्याने निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते, आणि त्या खात्यात आलेली लहानमोठी प्रत्येक रक्कम देणाऱ्याच्या नावनिशीसह त्याच्या हिशेबात उतरते. हे हिशेबपुस्तक एकदा पाहण्यासारखे असते: त्यात दैनंदिन खर्चाची पाने पांढरी, रोकडवहीची पाने गुलाबी आणि बँकवहीची पाने पिवळी असतात, आणि प्रचाराच्या काळात ते निदान तीन वेळा खर्च निरीक्षकांपुढे तपासणीसाठी ठेवावे लागते. पिवळ्या पानावर आपले नाव यावे असे ज्याला वाटते त्याने खुशाल उमेदवारास द्यावे. एटापल्ली वा कोरची येथील दुर्गम गावात राहणाऱ्या ज्या माणसास आपला कल चारचौघांत जाहीर होऊ नये असे वाटते, त्याने मात्र पक्षाच्या खात्याचा मार्ग पत्करावा. अशा माणसाच्या भीतीला मी कमी लेखत नाही.

या विषयातील सर्वांत घातक गैरसमज वस्तूंच्या संबंधी आहे, आणि ऑनलाइन दुकानांनी तो अधिकच वाढवला आहे. उत्साही तरुण मंडळी आपसांत वर्गणी करून पक्षचिन्हाच्या दोनशे टोप्या, पन्नास झेंडे आणि काही टी-शर्ट दूरच्या शहरातील विक्रेत्याकडून मागवतात, पार्सल आले की ते प्रचारात वाटतात, आणि आपण पक्षाला देणगी दिली अशा समाधानात राहतात. विक्रेत्याला दिलेले पैसे ही देणगी नव्हे. ती खरेदी होय, तिचा नफा विक्रेत्याचा, आणि तिच्यावर आयकराची सवलत नाही. पण एवढ्यावर भागत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ अन्वये, उमेदवाराच्या लेखी अधिकाराशिवाय त्याच्या प्रचारासाठी सभा, जाहिरात, पत्रक अथवा अन्य कोणत्याही प्रकारे खर्च करणाऱ्या इसमास दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जुन्या दंडसंहितेत हाच अपराध कलम १७१ह खाली होता आणि दंडाची कमाल मर्यादा पाचशे रुपयांची होती. ती आता वीसपट झाली, परंतु दहा रुपयांपर्यंतचा खर्च दहा दिवसांच्या आत उमेदवाराची लेखी मान्यता मिळवून नियमित करता येतो ही जुनी सूट मात्र जशीच्या तशी ठेवली आहे, आणि दहा रुपयांत आज एक टोपीही येत नाही. आपल्या पैशाने उमेदवाराची ध्वनिचित्रफीत फेसबुकवर जाहिरात म्हणून चालवणारा कार्यकर्ताही याच कलमाच्या कक्षेत येतो, हे त्या मंडळींच्या ध्यानीमनीही नसते.

उमेदवाराने लेखी अधिकार दिला असेल तर त्या वस्तूंची किंमत त्याच्या खर्चात धरली जाते, आणि ती किंमत बिलावरची असतेच असे नाही. झेंडे, खुर्च्या, मंडप, ध्वनिक्षेपक, चहा आणि नाश्ता यांची दरसूची जिल्हा निवडणूक अधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी, आधीच ठरवून देतात आणि हिशेब त्या दराने मोजला जातो. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवारास ९५ लाख व विधानसभेच्या उमेदवारास ४० लाख अशी मर्यादा जानेवारी २०२२ पासून आहे, स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी राज्य निवडणूक आयोग निराळ्या मर्यादा ठरवतो, आणि मर्यादेचा भंग हे कायद्याने भ्रष्ट आचरण ठरते. म्हणजे न विचारता पाठवलेली भेट ज्याच्या प्रेमापोटी पाठवली त्याच्याच गळ्याचा फास होऊ शकते. शिवाय टोपी, दुपट्टा, मुखवटा यांस निवडणूक आयोगाने हिशेबात धरण्याच्या अटीवर मुभा दिली असली, तरी साडी, सदरा यांसारखी अंगभर वस्त्रे वाटण्यास मुभा नाही, कारण तो मतदारास लाच देण्याचा प्रकार ठरू शकतो. तेव्हा ऑनलाइन मागवलेले टी-शर्ट पाड्यावरच्या पोरांना वाटणे हा औदार्याचा नव्हे, तर अपराधाचा मार्ग आहे.

छापील पत्रकांचेही तसेच. हल्ली संकेतस्थळावर मजकूर चढवला की चार दिवसांत हजार पत्रके घरपोच येतात. परंतु १९५१ च्या अधिनियमाच्या कलम १२७क प्रमाणे निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर व भित्तिचित्रावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते असलेच पाहिजेत, प्रकाशकाने दोन ओळखीच्या माणसांच्या सहीनिशी मुद्रकाला घोषणापत्र दिले पाहिजे, आणि मुद्रकाने ते पत्रकाच्या प्रतीसह जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे पाठवले पाहिजे. यात कसूर झाल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन हजारांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. परराज्यातील ऑनलाइन छापखाना हे सोपस्कार करील अशी अपेक्षा बाळगण्यापेक्षा मूल, राजुरा वा देसाईगंज येथील ओळखीच्या छापखान्यात, तेही उमेदवाराच्या निवडणूक प्रतिनिधीच्या हातूनच, काम देणे श्रेयस्कर.

प्रत्यक्ष पैसे देण्याची रीत आता सांगतो. पैसे स्वतःच्या बँक खात्यातून द्यावे. अनेक गावांत रेंज नसते, मोबाइल साधा असतो, म्हणून लोक किराणा दुकानदाराला अथवा सेवा केंद्र चालवणाऱ्याला रोख रक्कम देऊन त्याच्या मोबाइलवरून पैसे पाठवायला सांगतात. विजेच्या बिलापुरते ते ठीक आहे. देणगीच्या बाबतीत मात्र पक्षाच्या दप्तरी देणगीदार म्हणून त्या दुकानदाराचेच नाव लागते आणि पुढे चौकशी निघाल्यास गावातील दहा घरांची देणगी त्याच्या एकट्याच्या माथी बसते. ऑनलाइन जमत नसेल तर तालुक्याच्या गावी बँकेत जाऊन धनादेश अथवा धनाकर्ष द्यावा. रोखीनेच द्यावयाचे असेल तर पक्षास दोन हजारांपर्यंतच द्यावे, कारण त्याहून अधिक रोख देणगी घेतल्यास पक्षाच्या करमाफीस बाध येतो; उमेदवारास निवडणुकीच्या काळात एका व्यक्तीकडून दहा हजारांहून अधिक रोख घेता येत नाही.

देणगीच्या पानावर रकमेच्या खाली ‘दरमहा’ अशा अर्थाचा चौकोन कित्येकदा आधीच खूण करून ठेवलेला असतो. तो न पाहता पुढे गेल्यास यूपीआय ऑटोपेची मंजुरी दिल्यासारखे होऊन महिन्याच्या महिन्याला पैसे वळते होऊ लागतात. ऑनलाइन दुकानातून घेतलेली वस्तू बहुधा काही दिवसांत परत करता येते, तशी दिलेली देणगी परत मागण्याचा हक्क कोणास नाही, म्हणून रक्कम लिहिताना शून्ये मोजावीत. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच द्यावा लागत नाही. ‘देणगीबद्दल पक्षाकडून बक्षीस आले आहे, पिन टाका’ असे सांगणारा फोन भामट्याचा समजावा. फसगत झालीच तर संकोच न करता तत्काळ १९३० या क्रमांकावर फिर्याद नोंदवावी, कारण पैसे दुसऱ्या खात्यात सरकण्याच्या आत ते गोठवता येणे हे पहिल्या काही तासांतच शक्य असते.

पावतीचा आग्रह तर सोडूच नये. मे महिन्यात तेंदूच्या फळीवर पाने घेऊन आलेली बाई सत्तर पानांचा एक एक पुडा मुन्शीच्या समोर मोजून देते आणि आपल्या कार्डावर आकडा चढल्याचे पाहिल्यावाचून तेथून हलत नाही. देणगीदाराने त्याच बाण्याने वागावे. पावतीवर पक्षाचे पूर्ण नाव, नोंदणीचा तपशील, पॅन, आपले नाव, रक्कम, तारीख आणि व्यवहाराचा क्रमांक असावा. बँकेचा संदेश म्हणजे पैसे गेल्याची खूण. पक्षास पोचल्याची साक्ष पावतीच देते.

या पावतीच्या आधाराने आयकराची सवलत मिळते, आणि तिच्याच आडून फसवणुकीचा एक मोठा उद्योग उभा राहिला होता. १९६१ च्या आयकर अधिनियमातील कलम ८०जीजीसी अन्वये व्यक्तीने नोंदणीकृत पक्षास अथवा निवडणूक न्यासास रोखीखेरीज अन्य मार्गाने दिलेली संपूर्ण देणगी करपात्र उत्पन्नातून वजा होई. मात्र ही सवलत जुन्या करपद्धतीतच होती, आणि उमेदवारास व्यक्तिशः दिलेल्या पैशास ती नव्हतीच. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर अधिनियम लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. विवरणपत्र भरताना ते जाणकाराकडून पाहून घ्यावेत. कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र, सिमेंट व कागदाचे कारखाने आणि भद्रावतीची आयुध निर्माणी यांमुळे चंद्रपूर जिल्ह्यात पगारदारांची संख्या मोठी आहे, आणि अशा पगारदारांना गाठून, कोणी नावही न ऐकलेल्या पक्षाला देणगी दिल्याची पावती द्यावयाची, पैसे बँकेतून घ्यावयाचे आणि थोडे कमिशन कापून उरलेले रोखीने परत करावयाचे, अशी मसलत देणारे दलाल देशभर निर्माण झाले. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने अशा बनावट वजावटींविरुद्ध देशव्यापी छापे घातले. निवडणूक आयोगाने नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या व सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेल्या ३३४ पक्षांना ऑगस्ट २०२५ मध्ये आणि आणखी ४७४ पक्षांना सप्टेंबर २०२५ मध्ये यादीतून काढून टाकले. विवरणपत्रात आता देणगीची तारीख, व्यवहाराचा क्रमांक आणि बँकेचा संकेतांक द्यावा लागतो, त्यामुळे अशी लबाडी लपून राहण्याचे दिवस सरले. दलाल अंग काढून घेतो आणि कर, व्याज व दंड पगारदाराच्या माथी येतो. ज्यास असा सल्ला मिळाला असेल आणि ज्याने तो मानला असेल, त्याने विभागाची नोटीस येण्याची वाट न पाहता सुधारित विवरणपत्र भरून मोकळे व्हावे.

देणगी दिली म्हणजे कर्तव्य संपले असे मात्र समजू नये. निकाल लागल्यापासून तीस दिवसांच्या आत प्रत्येक उमेदवाराने, जिंकलेल्याने तसेच हरलेल्यानेही, आपला संपूर्ण हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे दाखल करावयाचा असतो. त्यात योग्य कारणावाचून कसूर केल्यास आयोग त्याला तीन वर्षांसाठी निवडणुकीस अपात्र ठरवू शकतो. दाखल झालेल्या हिशेबांची सूचना कचेरीच्या फलकावर लागते, आणि निवडणूक संचालन नियम १९६१ प्रमाणे ते हिशेब पाहण्याचा अधिकार कोणाही व्यक्तीस आहे, मग तिने देणगी दिलेली असो वा नसो. ज्यांनी उमेदवारास पैसे दिले असतील त्यांनी पावती बरोबर घेऊन चंद्रपूरच्या अथवा गडचिरोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयातील निवडणूक शाखेत अवश्य जावे, पिवळी पाने उघडून आपली रक्कम जमेस आहे की नाही ते पाहावे, आणि नसेल तर तेथल्या तेथे लेखी तक्रार द्यावी. हिशेब पाहण्याची फी एक रुपया आहे.